तुटलेली मूठ आणि तीन कारणं

मागच्या वेळी आपण न्याय-वैशेषिकांचा कारणविचार पाहिला. कापडाचं समवायी कारण धागे, असमवायी कारण त्या धाग्यांचा संयोग, आणि निमित्त कारण विणकर, माग वगैरे. त्यावर प्रश्न आला, की याचा रोजच्या व्यवहारात उपयोग काय? तर आज एक साधी वस्तू घेऊ : समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या दाराची प्लॅस्टिकची मूठ.

ही मूठ म्हणजे एक तरफ. ती स्टीलच्या पिनेवर फिरते. आपण ओढली की आतला आकडा मागे सरकतो आणि सोडली की स्प्रिंग त्याला परत जागेवर आणते. ओढण्याचा सगळा जोर पिनेजवळच्या बारीक मानेवर येतो. तिथे आतला कोपरा धारदार असेल तर ताण तिथेच एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

मूठ तुटते तेव्हा नेमकं काय नष्ट होतं? तुकडे तर हातातच असतात. नष्ट होतो तो संयोग. मग आपण इन्स्टंट गोंद लावतो, आणि आठ दिवसांत मूठ पुन्हा तुटते! कारण हा गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो. वाकवणारा जोर आणि झटका त्याला सोसत नाही.

म्हणून आधी समवायी कारण तपासा. प्लॅस्टिकचा कपचा पाण्यात टाकून बघा. तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन. त्याला साधा गोंद धरतच नाही, तिथे नवीन मूठच घ्यावी. बुडाला तर एबीएस असण्याची शक्यता बरीच. मशीनचा प्लग काढा. मूठ काढताना स्प्रिंग कशी बसली आहे त्याचा फोटो घ्या. ती उडते, बरं का! तुटलेल्या कडा पुसा, खरवडा आणि जोडा. मग मागच्या बाजूने तड्याला आडवी खाच पाडून त्यात स्टीलची बारीक तार बसवा आणि वरून दोन भाग मिसळायचं इपॉक्सी भरा. धारदार कोपराही त्यानेच गोलसर करा. निदान एक दिवस वाळू द्या. पिनेच्या भोकात मात्र इपॉक्सी जाता कामा नये.

आता राहिलं निमित्त कारण, म्हणजे आपला हात. धुणं संपल्यावरही दाराचं कुलूप लगेच सुटत नाही. मिनिट-दोन मिनिटं लागू शकतात. त्या वेळात आपण मूठ हिसकतो. ही घाई तशीच राहिली तर तार घाला नाहीतर पत्रा घाला, मान पुन्हा जाणारच.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. दार नीट लागत नाही म्हणून आतल्या कुलपाचा स्विच कधीही चुकवू नका. ड्रम वेगात फिरत असताना दार उघडू नये, यासाठीच तो असतो. मूठ जोडण्याची वस्तू आहे, पण त्या स्विचशी जुगाड करायचं नाही.

एवढं ध्यानात ठेवा : संयोग जोडला म्हणजे दुरुस्ती झाली, आणि निमित्त बदललं म्हणजे ती टिकली.