पॅरामाउंट : ज्याच्या वर कुणीच नाही!

मूल आईकडे राहणार की वडिलांकडे? कोर्टात दोघंही आपापला हक्क सांगतात. पण १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचं १३ वं कलम म्हणतं, मुलाचं हित ‘पॅरामाउंट’. म्हणजे नुसतं महत्त्वाचं नव्हे, सर्वोपरी. आईबापांचे हक्क त्याच्या खाली. मला हा या शब्दाचा सगळ्यात सुंदर वापर वाटतो.

शब्दाचा जन्म मात्र जमीनदारीतला. इंग्लंडवर राज्य करणाऱ्या नॉर्मनांच्या फ्रेंचमधून तो आला. त्यातल्या ‘आमाँ’चा अर्थ ‘वरच्या बाजूला’, आणि त्याचं लॅटिन मूळ ‘डोंगराकडे’! कुळाच्या वर सरदार, त्याच्यावर बडा सरदार आणि ज्यानं कुणाकडूनच जमीन घेतलेली नाही, तो लॉर्ड पॅरामाउंट. १२९१ मध्ये स्कॉटलंडची गादी रिकामी होती. निवाडा करायला बोलावलेल्या इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं दावेदारांना अट घातली : आधी मला लॉर्ड पॅरामाउंट माना. त्यांनी मानलं, आणि पाचच वर्षांत दोन्ही देशांत युद्ध पेटलं.

आपल्याकडे या शब्दानं राजेरजवाडे वाकवले. संस्थानांवरच्या ब्रिटिश अधिसत्तेचं नावच ‘पॅरामाउंटसी’. निजामानं वऱ्हाड परत मागताना बरोबरीची भाषा केली, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ मध्ये पत्रातून ठणकावलं, की कुठलाही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी समान पातळीवर बोलू शकत नाही. वऱ्हाड काही निजामाला परत मिळालं नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला ही अधिसत्ता कायद्यानंच संपली.

हॉलिवूडची पॅरामाउंट? १९१४ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. हॉडकिन्सन यांनी ती चित्रपट वितरणासाठी काढली. बोधचिन्हावर बर्फाच्छादित शिखर, म्हणजे शब्दाच्या पोटातला डोंगर थेट पडद्यावर!

वापरताना एकच पथ्य : ‘मोस्ट पॅरामाउंट’ म्हणू नका. ज्याच्या वर कुणीच नाही, त्याला आणखी वर कसं चढवणार? ‘सेफ्टी इज पॅरामाउंट’ एवढं पुरे. काळजी किंवा आदर किती, हे सांगायचं असेल तर ‘अटमोस्ट’ घ्या : ‘अटमोस्ट केअर’, ‘अटमोस्ट रिस्पेक्ट’. ‘टँटामाउंट’शी गल्लत नको, त्याचा अर्थ ‘तितक्याच तोलाचं’.

आणि हो, बिलावरची ‘अमाउंट’ही याच डोंगरावरून आलेली. आकडे चढत चढत जिथं पोचतात, ती अमाउंट!