नव्या घड्याळातले चार सेकंद

लाखभर रुपयांचे यांत्रिक घड्याळ घेतले की पहिल्या आठवड्यात बहुतेक जण ते मोबाइलशेजारी धरून सेकंद जुळतात का ते पाहतात. जुळत नाहीत, आणि खराब नग गळ्यात मारला गेल्याची रुखरुख लागते.

किंमत जास्त म्हणजे वेळ जास्त अचूक, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज. सेलवर चालणारे, काही शे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण १५ सेकंद चुकते. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेकडून क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यंत्राला मात्र सरासरी दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतकी मुभा असते. हा ढिसाळपणा नव्हे. ते यंत्र १५ दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत तपासलेले असते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ४ सेकंदांची चूक म्हणजे ९९.९९५ टक्के बरोबर, तेही फक्त स्प्रिंग आणि चाकांच्या जोरावर. मला ही थक्क करणारी कामगिरी वाटते.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीत तर सूर्यही घड्याळाचे ऐकत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि हेदवी ७३ अंशांच्या जराशी पुढे. एका अंशाला ४ मिनिटे धरली, तर इथे खरी माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास होते. दशभुजा गणेशाच्या या गावात संकष्टीचा उपास सोडणारेही चंद्रोदय मिनिटांतच पाहतात, आणि ती वेळ गावागणिक बदलते. मग चार सेकंदांसाठी जीव का जाळायचा?

रात्री घड्याळ तबकडी वर करून ठेवले की कडेवर उभे, यानेही वेग किंचित बदलतो. एखादी स्थिती सापडते, जिच्यात दिवसभर पुढे गेलेले सेकंद रात्रीत भरून निघतात. पण घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागले, तर स्पीकर किंवा मोबाइलच्या कव्हरमधल्या चुंबकाचा संशय घ्यावा. घड्याळजी ते चुंबकत्व काही क्षणांत काढून देतो.

ओरखड्यांचेही तसेच. काच सफायरची असेल तर तिची कठिणता ९, वाळूतल्या क्वार्ट्झची ७, आणि पोलाद त्याहून मऊ. म्हणून किनाऱ्यावर काच वाचते आणि पट्ट्यावर रेघा उमटतात. त्या राहू द्याव्यात. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू झिजतो आणि कडांची धार जाते. सेकंदकाटा बारावर असताना मिनिटकाटा खुणेच्या केसभर बाजूला दिसतो, तारखेचा आकडा चौकटीत तसूभर वर बसतो, हेही भिंगातूनच खुपणारे. एवढ्यासाठी नवे घड्याळ उघडायला लावणे मला पटत नाही. उघडताना धूळ शिरू शकते आणि पाणी अडवणारी रबरी रिंग नीट बसली का, हे पुन्हा तपासावे लागते.

पाण्याच्या बाबतीत मात्र तडजोड नको. तबकडीवर ३० मीटर लिहिले म्हणजे तितक्या खोल बुडी मारता येते, असे नाही. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा. हात धुताना उडणारे पाणी, पाऊस, एवढ्यापुरताच तो धरावा. पोहायचे तर १०० मीटर हवेत. हेदवीच्या बामणघळीत भरतीची लाट खडकातल्या चिंचोळ्या फटीत घुसून उंच उसळते. तिचे तुषार अंगावर घेणार असाल, तर आधी चावी पूर्ण आत आहे ना ते पाहा, आणि परतल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवा. खारे पाणी वाळले की चावीच्या आणि पट्ट्याच्या सांध्यांत मीठ बसते. चामड्याचा पट्टा असेल तर घड्याळ खोलीवरच ठेवलेले बरे. रबरी रिंगही कायमची नसते. ती वरचेवर तपासून घ्यावी लागते.

काचेच्या आतून धुके धरले, काटे एकमेकांना घासले किंवा वेगातली चूक कंपनीने लिहून दिलेल्या मर्यादेबाहेर गेली, तर वॉरंटीचे कार्ड घेऊन सरळ दुकान गाठावे. धुके दिसले तर त्याच दिवशी, कारण आत शिरलेले खारे पाणी यंत्राला लवकर गंज चढवते.