ऑपरेशननंतर पुन्हा अंधुक दिसतंय? मोतीबिंदू परत आलेला नाही, घाबरू नका!

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि आजीला भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख लख्ख दिसू लागली. पण दोन-तीन वर्षांनी पुन्हा धुकं आल्यासारखं दिसायला लागलं. घरातले म्हणतात, "मोतीबिंदू परत आला," नाहीतर "ऑपरेशन बिघडलं." मग आजी "आता वय झालं" म्हणून गप्प बसते. खरं तर हा त्रास बऱ्याचदा काही मिनिटांत दूर होऊ शकतो.

नेमकं होतं काय?

आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग एका पातळ पिशवीत असतं. ते गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणतात. डॉक्टर पिशवीला पुढून गोल छिद्र पाडून खराब भिंग काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. एकदा काढलेला मोतीबिंदू पुन्हा येत नाही.

मात्र पिशवीच्या कडेला काही बारीक पेशी शिल्लक राहतात. त्या हळूहळू वाढत लेन्सच्या मागच्या पापुद्र्यावर पसरतात आणि पापुद्रा गढूळ होतो. लहान मुलांमध्ये हे फार लवकर होतं.

लेन्सच्या कडेची कमाल

पहिली कृत्रिम लेन्स 1949 मध्ये लंडनला डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी बसवली. पुढे अनेक वर्षं लेन्सच्या कडा गोलसर असायच्या. त्याखालून पेशी सहज आत सरकत. नंतर लक्षात आलं, की मागची कड चौकोनी, धारदार ठेवली तर ती पापुद्र्यावर घट्ट टेकते आणि पेशी तिथेच अडतात. बांधावरची हरळी शेतात शिरू नये म्हणून आपण आड घालतो, तसंच हे.

लेन्स कशाची आहे यानेही फरक पडतो. पाणी न शोषणाऱ्या ॲक्रिलिकच्या, चौकोनी कडेच्या लेन्समध्ये हा त्रास कमी आढळतो. पण पूर्ण थांबतो असं नाही. आणि लेन्स महाग आहे म्हणजे पापुद्रा गढूळ होणारच नाही, असंही नाही. म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांना सरळ विचारा, "लेन्स कशाची? कड चौकोनी आहे का?"

उपाय काय?

यावर 'याग लेझर' करतात. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, मशीनवर हनुवटी टेकवून बसवतात आणि लेझरने गढूळ पापुद्र्याला मधोमध छिद्र पाडतात. चिरा नाही, टाके नाहीत. लेन्स बदलावी लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी न्या. गाडी स्वतः चालवू नका.

लेझरनंतर कधी कधी डोळ्याचा दाब वाढतो, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणीला जाच. क्वचित आतला पडदाही सुटू शकतो. अचानक विजेसारखं चमकलं, खूप काळे ठिपके तरंगू लागले किंवा बाजूने सावली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

हे लक्षात ठेवा

- अंधुक दिसण्यामागे काचबिंदू, शुगरमुळे पडद्याला झालेली इजा किंवा चष्म्याचा बदललेला नंबरही असू शकतो. तपासल्याशिवाय कळत नाही.
- डोळा लाल होऊन दुखत असेल आणि नजर कमी झाली असेल, तर थांबू नका. हा त्रास वेगळा आणि तातडीचा आहे.
- गढूळ पापुद्रा कोणत्याही थेंबांनी साफ होत नाही. मध किंवा झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नका.
- लेन्सचं कार्ड किंवा स्टिकर लावलेला कागद जपून ठेवा. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

शिबिरात ऑपरेशन झालं असेल तर आधी तिथल्याच दवाखान्यात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात दाखवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज एकदा विचारा, "एक डोळा झाकून बघा, नीट दिसतंय ना?"