उतारावर पाय का थरथरतात?

परभणी म्हटलं की गोदाकाठची काळी, सपाट जमीन आठवते. डोंगर चढायचा तर सह्याद्री गाठावा, असा आपला समज. पण जिल्ह्याच्या उत्तरेला, जिंतूर तालुक्यात, अजिंठ्याच्या रांगेचे फाटे शिरले आहेत आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटाच्या टेकड्या आहेत. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि तिच्या शेजारी चंद्रगिरी. नेमगिरीच्या पोटात जैन गुंफा आहेत. त्यांची दारं इतकी बुटकी की वाकूनच आत जावं लागतं. भाविक दर्शन घेऊन आल्या वाटेनं परततात. गुराख्यांच्या पाऊलवाटा जोडत टेकड्यांना वळसा घातला, तर मात्र पायांपुढे एक कोडं उभं राहतं.

फेरी जिथं सुरू होते तिथंच संपते. जितकं चढलो तितकंच उतरलो. गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबात जमा-खर्च बरोबर, शिल्लक शून्य. मग दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना मांड्या का भरून येतात?

आधी चढ पाहू. 60 किलो वजनाचा माणूस एकूण 200 मीटर उंची चढला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण 28 किलोकॅलरींचं काम होतं. स्नायू मात्र अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतात; उरलेली उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणजे खर्च 112 किलोकॅलरींच्या घरात. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 किलोकॅलरी असतात. तेव्हा 200 मीटरचा चढ म्हणजे अर्धी भाकरी. (ती आपल्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ वाणाची असली तर उत्तमच.) सपाटीवर चाललो असतो तरी झाला असता, तो खर्च वेगळा.

उतरताना ही अर्धी भाकरी परत मिळत नाही. इटलीतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र चढ-उताराच्या ट्रेडमिलवर माणसं चालवून त्यांनी वापरलेला प्राणवायू मोजला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांनुसार चालणं सगळ्यांत स्वस्त पडतं ते सुमारे 10 टक्के उतारावर, म्हणजे दहा मीटर पुढे जाताना एक मीटर खाली. तिथला खर्च सपाटीच्या निम्म्यावर येतो. उतार याहून तीव्र झाला की खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण आता शरीराला पुढे ढकलायचं नसतं, आवरायचं असतं.

खरी गोम या आवरण्यात आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना प्रत्येक पावलागणिक गुडघा वाकतो आणि तोच स्नायू ताण धरून ठेवत लांबतो. अशा लांबत्या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून दम लागत नाही. पण प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो आणि काही तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्यातून येणारी सूज आणि दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. ‘लॅक्टिक आम्ल साचलं’ हे त्यावरचं लाडकं स्पष्टीकरण चुकीचं आहे. ते आम्ल तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. दिलाशाची गोष्ट अशी, की एकदा उतार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उताराला बराच कमी दुखतो. रोज टेकडीवर शेळ्या नेणाऱ्याचे पाय आणि आपले पाय यांत हाही फरक आहे.

वाट किती अवघड, हे मग ठरवायचं कसं? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली एक ठोकताळा दिला: ताशी पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. उतार त्यानं हिशोबात धरलाच नाही. स्पेनमध्ये सध्या ‘मिदे’ नावाची पद्धत चालते, ती जास्त शहाणी वाटते. तिच्यात ताशी 400 मीटर चढ आणि 600 मीटर उतार धरतात. आडव्या अंतराचा आणि उंचीचा वेळ वेगळा काढून मोठ्या आकड्यात लहानाचा निम्मा मिळवतात. समजा सहा किलोमीटरची फेरी आहे आणि तीत 200 मीटर चढ-उतार. नेस्मिथ दीड तास सांगतो, मिदे जवळजवळ दोन. शिवाय मिदेत केवळ श्रमाला नाही, तर परिसराची कठोरता, वाट चुकण्याची शक्यता आणि पायाखालची जमीन यांनाही प्रत्येकी एक ते पाच गुण मिळतात. स्पेनच्या प्रादेशिक उद्यानातली ‘मध्यम’ वाट आपल्याकडे तशीच ‘मध्यम’ मानण्यात अर्थ नाही. परभणीत मे महिन्यात पारा सहज 42 अंशांपार जातो. काळा बेसाल्ट तापतो, सावली नसते, आणि स्नायूंची तीन चतुर्थांश ऊर्जा आधीच उष्णता होत असते. तीच फेरी डिसेंबरच्या सकाळी करावी. तेव्हा इथला पारा कधीकधी पाच अंशांच्या आसपास असतो.

पायाखालची जमीन हा आपल्याकडचा कळीचा गुण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर इथं एकावर एक बसले आहेत. घट्ट थर कडा धरून राहतो. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर लवकर कुजून त्याचा मुरूम होतो. कडक खडकावर मुरमाचा पातळ थर पसरला की पाऊल घसरतं. चढताना ते चालून जातं, कारण वजन पुढे आणि हात जमिनीजवळ असतात. उतरताना थकलेल्या मांडीला त्याच क्षणी शरीर आवरायचं असतं.

म्हणून फेरीची दिशा महत्त्वाची. प्रदक्षिणा घालणाऱ्याची दिशा परंपरेनं ठरलेली असते, देव उजव्या हाताला. नुसतंच फिरायला निघालेल्यानं मात्र आधी टेकडीच्या दोन्ही बाजू न्याहाळाव्यात. तीव्र, मुरमाड बाजूनं चढावं आणि लांबलचक, सौम्य बाजूनं उतरावं. अंतर तेच, उंची तीच, पण मांड्यांवरचा भार निराळा. हातात काठी असेल तर उतारावर गुडघ्यांवरचा ताणही हलका होतो. गुराखी ती कधी विसरत नाही.