तिवर आणि कांदळ

भाईंदर स्थानक मागे टाकून गाडी वसईच्या खाडीवरील पुलाकडे निघाली की जी हिरवी दाटी दृष्टीस पडते, तिला आपण सरसकट ‘खारफुटी’ म्हणतो. शासकीय कागदांत तिचे नाव ‘कांदळवन’ असे आहे. गंमत अशी की, मुंबईभोवतीच्या या वनांत खरे कांदळ विरळ. दाटी आहे ती तिवरांची. दोन्ही वृक्ष एकाच चिखलात उभे राहतात, म्हणून पाहणाऱ्यास ते सगोत्र भासतात. प्रत्यक्षात तसे नाही.

तिवर, म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया मरीना, हे अडुळसा व अबोली यांच्या कुळातले. कांदळ, म्हणजे रायझोफोरा म्युक्रोनाटा, याचे दूरचे आप्त एरंड आणि जवस. या दोन शाखांची फारकत होऊन दहा कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत. त्यांच्यातील साम्य रक्ताचे नव्हे, अडचणीचे आहे: खारे पाणी, नित्याची भरती आणि प्राणवायूवाचून असलेला चिखल.

अडचण एक, परंतु उपाय निराळे. तिवर बरेचसे मीठ मुळांशीच अडविते व उरलेले पानांतील सूक्ष्म ग्रंथींवाटे बाहेर टाकते. शंका असल्यास पान जिभेस लावून पाहावे. कांदळास अशा ग्रंथीच नाहीत. त्याचा सारा भर मुळांशी मीठ रोखण्यावर. श्वासासाठी कांदळ खोडापासून कमानीसारखी आधारमुळे चिखलात उतरविते, तर तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. बीज मात्र दोघांचेही झाडावरच अंकुरते. कांदळाचा अंकुर फळ भेदून लांब हिरव्या शेंगेसारखा लोंबतो. तिवराचा सालीआड दडून राहतो.

हा भेद केवळ अभ्यासकांपुरता आहे असे आम्हांस वाटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालात तिचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला. परंतु तिवर मारण्यास कुऱ्हाड लागतच नाही. त्याची श्वसनमुळे जेमतेम वीतभर उंच. त्यांवर राडारोड्याचा भराव पडला, किंवा भरतीचे पाणी बांधाआड कोंडून राहिले, की उभे झाड गुदमरते. पंचनामा करणाऱ्यास एकही तुटलेला बुंधा आढळत नाही. खाडीकाठी गेल्यावर आम्ही म्हणूनच आधी शेंडा पाहत नाही. बुंध्याभोवतीच्या चिखलात मुळांची टोके उघडी आहेत की नाहीत, ते पाहतो.