मोटारीची वॉरंटी किती वर्षांची, त्याइतकेच कशाची हेही महत्त्वाचे

नवी दिल्ली : मारुती सुझुकीने जुलै 2024 मध्ये आपल्या मोटारींची मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा 40 हजार किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर इतकी वाढवली. ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते ते वाढलेले एक वर्ष. खरा मोठा बदल मात्र किलोमीटरच्या आकड्यात होता. रोज 80 किलोमीटर मोटार चालवणाऱ्याचे वर्षाला सुमारे 29 हजार किलोमीटर होतात. जुन्या अटीत त्याची वॉरंटी दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच, सोळा-सतरा महिन्यांत संपत असे. नव्या अटीत त्याला पूर्ण तीन वर्षे मिळतात. याउलट रोज जेमतेम 20 किलोमीटर चालवणाऱ्याचे तीन वर्षांत 22 हजार किलोमीटरही होत नाहीत. त्याच्यासाठी लाखाचा आकडा शोभेचाच. त्याला उपयोग होतो तो केवळ वाढलेल्या वर्षाचा.

वॉरंटीच्या कागदावरील ‘किंवा’ या शब्दाचा अर्थ ‘जे आधी पूर्ण होईल ते’ असा असतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या वर्षांची तुलना करण्यापूर्वी ग्राहकाने स्वतःचा वार्षिक प्रवास मांडून पाहणे इष्ट. काही कंपन्या किलोमीटरची मर्यादा ठेवत नाहीत. मात्र ही सवलत टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापराला लागू आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

वॉरंटी हा दुरुस्तीखर्चाचा विमा नव्हे. सुट्या भागाच्या मालात वा जोडणीत दोष असेल, तर तो भाग विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे ते आश्वासन असते. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर यांसारखे वापराने झिजणारे भाग सामान्यतः त्यात धरले जात नाहीत. टायर आणि 12 व्होल्टची बॅटरी यांची जबाबदारी बहुधा त्या त्या उत्पादकाकडे असते. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून मोटार नेल्याने इंजिनात पाणी शिरले, तर वॉरंटी सात वर्षांची असूनही कामाची नाही. तेथे इंजिन संरक्षणाचे जोड कलम घेतलेली विमा पॉलिसीच उपयोगी पडते.

उत्पादनातील बरेच दोष पहिल्या काही महिन्यांतच उघड होतात आणि ते कोणत्याही वॉरंटीत बसतात. झिजेचा खर्च वाढतो तो पुढच्या वर्षांत, आणि तो वॉरंटीच्या बाहेर राहतो. मग लांब मुदतीचा लाभ कोठे? तर क्वचित बिघडणाऱ्या, पण बिघडल्यास मोठा भुर्दंड पाडणाऱ्या भागांत : स्वयंचलित गिअरबॉक्स, टर्बोचार्जर, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणा आणि सर्वांत ठळकपणे विजेवरील मोटारीची बॅटरी.

या बॅटरीसाठी आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर ही मुदत भारतात रूढ झाली होती. आता ‘आजीवन’ वॉरंटीची चढाओढ आहे. परंतु आजीवन म्हणजे कोणाचे जीवन? टाटा मोटर्सने 2025 मध्ये हॅरियर ईव्हीसाठी ही घोषणा केली, तेव्हा पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षे अशी तिची व्याख्या दिली. महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या मोटारींना ही सवलत पहिल्या खासगी मालकापुरती असून, मोटार विकल्यावर 10 वर्षे किंवा दोन लाख किलोमीटरची मर्यादा लागू होते. वापरलेली विद्युत मोटार घेणाऱ्याने म्हणूनच जाहिरातीतील नव्हे, तर दुसऱ्या मालकाच्या रकान्यातील आकडा वाचावा. बॅटरीची क्षमता काळानुसार कमी होतेच. ती किती टक्क्यांखाली गेल्यावर कंपनी जबाबदारी घेते, हे करारातील कलम वर्षांच्या आकड्याइतकेच वजनदार आहे.

लांब वॉरंटी म्हणजे उत्तम मोटार, असेही समीकरण नाही. ह्युंदाईने 1998 मध्ये अमेरिकेत इंजिन व गिअरबॉक्ससाठी दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली, ती तेथे तिच्या मोटारींच्या दर्जाविषयी ग्राहकांना शंका असताना. तीही दहा वर्षांसाठी मूळ मालकापुरतीच होती. उर्वरित मोटारीची मुदत पाच वर्षे किंवा 60 हजार मैल होती. गमावलेला विश्वास परत मिळवण्याचा तो मार्ग होता. अर्थात, असे वचन दिल्यावर दोष कमी ठेवणे कंपनीच्याही हिताचे ठरते, हा ग्राहकाचा फायदाच.

वचन पाळले जाण्यासाठी सर्व्हिस सेंटर जवळ हवे. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. दोन्ही कंपन्यांनी ग्राहकसेवा सुरू ठेवण्याची ग्वाही दिली होती. तरीही विक्रेत्यांचे जाळे आक्रसल्यावर तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला वॉरंटीचे काम करून घेण्यासाठी किती दूर जावे लागेल, हा प्रश्न उरतोच.

बाहेरच्या गॅरेजमध्ये मोटार दाखवली की वॉरंटी संपली, हा समज मात्र सरसकट खरा मानू नये. सुट्या भागांच्या बाजारपेठेविषयीच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड केला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालू नये. सदोष दुरुस्तीमुळे जेवढी हानी झाली तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असेही आयोगाने म्हटले होते. हे प्रकरण पुढे अपिलात गेले. व्यवहारात वाद टाळायचा असेल, तर वॉरंटी काळात नियमित सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात करून पावत्या जपणे आणि बाहेरून वायरी कापून दिवे वा स्टिरिओ न बसवणे श्रेयस्कर.

अधिक पैसे भरून मिळणारी विस्तारित वॉरंटी घ्यावी का, हे मोटार किती वर्षे ठेवायची यावर अवलंबून आहे. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याला ती फारशी लागत नाही, मात्र ती नव्या मालकाच्या नावे होत असेल तर विक्रीच्या वेळी तिचे मोल होते. सात-आठ वर्षे ठेवणाऱ्याला, विशेषतः स्वयंचलित गिअरबॉक्स असल्यास, ती विचारार्ह ठरते. तिच्यामागे स्वतः उत्पादक आहे की विक्रेत्याने जोडलेली विमा कंपनी, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

मोटारच बदलून मिळेल, ही अपेक्षाही अनेकदा फोल ठरते. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये, वॉरंटीतील बांधिलकी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची असेल, तर संपूर्ण मोटार बदलण्याचा आदेश देता येणार नाही, असे स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आणि राहत्या ठिकाणच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तेथे उपयोगी पडते ते जॉब कार्ड. त्यावर ग्राहकाने सांगितलेला दोष नेमक्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह वॉरंटी संपण्यापूर्वी नोंदला गेला आहे का, हे केंद्रातून निघण्याआधीच पाहून घ्यावे.