मजुरीची दोन मापे

घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या समाजात कधीच मान मिळाला नाही. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘हीनाधिकमानोन्मान’ हा दोष सांगितला आहे. त्याच यादीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हाही अतिचार आहे. मालाच्या बाबतीत आपण हे जपतो. मजुरीच्या बाबतीतही ते तितकेच जपतो का, हा प्रश्न प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावा.

मुकुंदवाडी आणि शेजारच्या चिकलठाणा औद्योगिक क्षेत्रात लहान कारखाने, गोदामे व दुकाने पुष्कळ आहेत. एकाच टेबलावर पॅकिंग करणारा पुरुष हजेरीपत्रकात ‘मदतनीस’ आणि स्त्री ‘महिला मदतनीस’ असेल, व दोघांचा दर भिन्न असेल, तर तो कायद्याचा भंग ठरतो.

याविषयीचा महत्त्वाचा निवाडा मुंबईतील एका लघुलेखिकेच्या लढ्यातून आला. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्रे डी’कोस्टा यांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. त्यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. कंपनीचे युक्तिवाद आजही ओळखीचे वाटतील. वरिष्ठांकडे काम करणाऱ्या लघुलेखिकांचा वर्ग निराळा आहे. वेतन कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसारच ठरले आहे. आणि समान वेतन देणे कंपनीला झेपणार नाही. मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तिन्ही युक्तिवाद फेटाळले. कामाचे स्वरूप सारखे असेल तर पदाचे नाव बदलून, करार दाखवून किंवा आर्थिक अडचण सांगून वेतन कमी करता येत नाही, हे त्या निर्णयाने स्थिर झाले.

त्या कायद्याची जागा आता वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. सारख्या स्वरूपाच्या कामासाठी वेतनात, तसेच भरतीत व सेवाशर्तींत लिंगावरून भेद करण्यास तिने मनाई केली आहे. दोन दर समान करायचे म्हणून कोणाचाही दर खाली आणता येत नाही. काम ‘सारखे’ आहे की नाही, हे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी यांवरून ठरते.

मालकाने आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, दहा किंवा अधिक व्यक्ती कामावर असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. अध्यक्षा वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, आणि एक बाहेरची सदस्य व्यक्ती, अशी तिची रचना असते. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते.

दुसरी, प्रसूती लाभ. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा पात्र स्त्री कर्मचाऱ्यांना मिळते. या रजेच्या काळात तिला कामावरून काढणे बेकायदा आहे.

तिसरी, दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार आस्थापनेने समान संधी धोरण लेखी स्वरूपात जाहीर करावयाचे असते.

‘तिच्या घरी कमावता पुरुष आहे’, ‘ती लग्नानंतर सोडून जाईल’ अशी कारणे आपल्याकडे सहज दिली जातात. ती देणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही, पण त्यामुळे तिच्या श्रमाचे मोल मात्र कमी होते. ते जे कमी होते, तो अदत्तादानाचाच भाग आहे. चातुर्मासात मोठे दान देणाऱ्या घराने आधी हे देणे चुकते करणे उचित.

बँकेत हिशेब तपासताना आम्ही रकाना रकान्याशी ताडून पाहत असू. तीच रीत येथे उपयोगी पडेल. या महिनाअखेरीस पगारपत्रकातील नावांचा रकाना कागदाने झाकावा, आणि केवळ काम, अनुभव व दर एवढेच वाचावे. सारख्या कामापुढे दोन दर दिसले, तर पुढच्या पगारापासून कमी दर वाढवून जास्तीच्या दराइतका करावा आणि मागील फरकाची थकबाकीही हिशेबात धरावी.